गोचीड चावली तर काय करायचे, आणि काळजी केव्हा करायची

(बेळगाव येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त सभेत रेल्वे युनियनच्या सेक्रेटरींनी केलेले भाषण)



आपल्या सभेच्या नोटिशीत पगार, बदल्या, क्वार्टर, पेन्शन असे विषय असतात. या वेळी पहिलाच विषय ‘गोचीड’ असा वाचून काही जण हसले, ते मी ऐकले आहे. पण लोंढ्यापासून कॅसलरॉकपर्यंत आणि पुढे घाट उतरून कुळेपर्यंत जे ट्रॅकवर राबतात ते हसले नाहीत. दोडामार्ग, खानापूर, सत्तरी इकडच्या गावांत टपालाची थैली घेऊन रानवाटेने जाणारा ग्रामीण डाक सेवकही हसला नाही. ज्याच्या अंगाला गोचीड चिकटते त्याला हा विषय लहान वाटत नाही.

मी डॉक्टर नाही, मॅट्रिक झालेला रेल्वे कामगार आहे. आज जे सांगणार आहे ते डॉक्टरांकडून आणि आरोग्य खात्याच्या सूचनांतून समजून घेतलेले आहे. औषध डॉक्टरच्याच सल्ल्याने घ्यायचे. पण डॉक्टरकडे केव्हा जायचे आणि गेल्यावर काय सांगायचे, हे कामगाराला माहीत असलेच पाहिजे. अर्धा जीव तिथेच वाचतो.

गोचीड म्हणजे काय

कन्नडमध्ये तिला उण्णी म्हणतात, हिंदीत किलनी. ती कोळी आणि विंचवाच्या कुळातली आहे. तिला आठ पाय असतात आणि नुकत्याच जन्मलेल्या पिलाला सहा. ती उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकावर चढून पुढचे पाय पसरून वाट बघत बसते. गुरू, कुत्रे, माकड किंवा माणूस घासून गेला की त्याला पकडते आणि वर चढत जाते. मऊ, झाकलेली जागा मिळाली की तोंड कातडीत रुतवून रक्त पिऊ लागते. काढली नाही तर ती अशी काही दिवस राहू शकते.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तिचा चावा बहुधा दुखत नाही, म्हणून तो कळतही नाही. दुसरी, गुरांच्या अंगावर वाटाण्याएवढी फुगलेली गोचीड आपण ओळखतो, पण माणसाला जास्त त्रास देतात ती तिची तिळाएवढी पिल्ले. घामट अंगावर ती तीळ किंवा मातीचा कण म्हणून सुटून जातात.

म्हणून धोका कोणाला, हे वेगळे सांगायला नको. सेसवरच्या गवतातून रोज बीट चालणारा कीमन, झाडोरा तोडणारी आणि दुपारी झाडाखाली पाल्यावर बसून भाकरी खाणारी गँग, झुडपात उभ्या असलेल्या पेट्या उघडणारा सिग्नल मेंटेनर, गुरांच्या वाटेवरचा गेटमन आणि पायवाटेने वाड्या गाठणारा डाक सेवक. साहेबाच्या टेबलाखाली गोचीड सापडत नाही.

चिकटलेली गोचीड कशी काढायची

बहुतेक वेळा गोचीड चावून काहीही होत नाही. तिथे लाल गांधी येते, दोन-तीन दिवस खाज सुटते आणि जाते. तेव्हा चावली म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. पण ती लवकर आणि नीट काढली पाहिजे.

आपल्याकडे नाना उपाय चालतात. कोणी पेटती विडी लावतो, कोणी रॉकेल ओततो, कोणी तंबाखूचा चुना, कोणी खोबरेल. हे सगळे बंद करा. असे केल्याने वेळ जातो, कातडी भाजते, आणि डिवचलेली गोचीड पोटातले पाणी जखमेत ओकू शकते. रोगाचे जंतू त्या पाण्यातच असतात.

बरोबर रीत अशी आहे. बारीक टोकाचा चिमटा घ्या. गोचिडीचे फुगलेले पोट धरू नका, अगदी कातडीला लागून तिचे तोंड धरा. मग हिसका न देता, न पिरगाळता, एकसारखा जोर लावून सरळ वर ओढा. चिमटा नसेल तर बोटांना कापड किंवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून तसेच करा. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर सुईने उकरत बसू नका. तो काटा निघावा तसा आपोआप बाहेर पडतो. नंतर जागा आणि हात साबणाने स्वच्छ धुवा, जंतुनाशक असेल तर लावा.

काढलेली गोचीड नखावर चुरडू नका. हे मी जोर देऊन सांगतो, कारण ही सवय आपल्या सगळ्यांना आहे. गुरांच्या गोचिडी काढताना तर ती हमखास होते. चुरडल्यावर तिचे रक्त बोटाच्या चिरेतून अंगात जाऊ शकते. चिकटपट्टीत गुंडाळा किंवा झाकणाच्या बाटलीत टाका. आणि तारीख लिहून ठेवा. ती का, ते पुढे सांगतो.

तीन ताप ओळखा

परदेशातल्या गोचिडीच्या आजारांच्या बातम्या आपल्या पेपरात येतात. चाव्याभोवती चक्रासारखे लाल वर्तुळ उठणारा लाइम नावाचा आजार अमेरिका-युरोपात फार आहे. आपल्या भागात चिंता वेगळ्या तापांची आहे.

पहिला माकडताप. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि मागोमाग माणसे तापाने पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यातून नवा विषाणू शोधून काढला. पुढे कित्येक वर्षे हा आजार कर्नाटकातच राहिला. पण २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात तो पसरला. काजूच्या बागेत जाणारी माणसे त्यात सापडली. शिमोग्याच्या सागर तालुक्यात २०१८ च्या अखेरीस आणि २०१९ मध्ये त्याने पुन्हा बळी घेतले. शिमोगा ते तालगुप्पा ही आपली लाईन त्याच सागरवरून जाते. तेव्हा हा आजार फक्त रानातल्या लोकांचा आहे, असे रेल्वेवाल्याने समजू नये.

त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकदम थंडी वाजून मोठा ताप येतो. कपाळ फुटेल असे दुखते, कंबर आणि पोटऱ्या दुखतात, उलट्या होतात, डोळे लाल होतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. बहुतेक माणसे एक-दोन आठवड्यांत बरी होतात, पण अशक्तपणा बरेच दिवस राहतो. काहींना मध्ये बरे वाटून पुन्हा ताप उलटतो, आणि तेव्हा मेंदूवर परिणाम दिसतो. मान दुखते, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. शंभरातले तीन ते पाच रोगी दगावतात. या विषाणूला मारणारे औषध नाही, पण वेळेवर हॉस्पिटलात नेले, सलाईन आणि देखरेख मिळाली तर माणूस वाचतो. जुन्या लसीचा परिणाम कमी पडल्यामुळे कर्नाटकाने २०२२ पासून ती देणे थांबवले आहे. नव्या लसीचे काम चालू आहे, पण तिच्या भरवशावर आज राहता येत नाही. एक समाधान आहे, हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. माकडतापाच्या रोग्याला वाळीत टाकू नका.

दुसरा स्क्रब टायफस आणि त्याच्या जातीचा गोचीडताप. स्क्रब टायफस खरे तर गोचिडीमुळे नव्हे, तर डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या तांबड्या किड्याच्या पिलामुळे होतो. पण जागा तीच, गवत आणि झुडूप. पावसाळ्यात आणि त्यानंतर तो जास्त दिसतो. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली आणि माणसे दगावली. त्याची मोठी खूण म्हणजे चाव्याच्या जागी पडणारी काळी खपली. विडीचा चटका बसल्यासारखी दिसते, दुखत नाही. काखेत, जांघेत, कमरेला, गुडघ्यामागे असते. गोचीडतापात अंगावर पुरळ येते, ते तळहात आणि तळपायांवरही दिसते.

हा ताप ओळखला तर त्यावर डॉक्सिसायक्लिन नावाचे साधे, स्वस्त औषध आहे. ओळखला नाही तर फुप्फुस, किडनी, मेंदू यांवर जातो. आमच्या सेक्शनमधल्या एका ट्रॅक मेंटेनरला चार दिवस ताप होता. खाजगी दवाखान्यात मलेरियाच्या गोळ्या झाल्या, सलाईन झाली, पैसे झाले. पाचव्या दिवशी अंग पुसताना त्याच्या बायकोला कमरेच्या नाडीखाली काळी खपली दिसली. तेवढी गोष्ट तिने रेल्वेच्या डॉक्टरना सांगितली. औषध बदलले आणि दोन दिवसांत ताप उतरला. त्या बाईने खपली बघितली नसती तर काय झाले असते, ते मी बोलत नाही.

तिसरा क्रिमियन-काँगो ताप. आपल्या देशात तो पहिल्यांदा २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये, अहमदाबादजवळच्या साणंद तालुक्यात सापडला. गुराढोरांच्या गोचिडीतून तो येतो आणि रोग्याच्या रक्तातून दुसऱ्याला लागतो. त्या वेळी रोगी बाईबरोबर तिची शुश्रूषा करणारे डॉक्टर आणि नर्सही गेले. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी गाय-म्हैस आहे. गोचिडी काढताना हातमोजे घाला, आणि गोठ्यातल्या गोचिडीच्या औषधाबद्दल गुरांच्या डॉक्टरला विचारा.

काळजी केव्हा करायची

आता नुसते चावल्यावर नव्हे, तर केव्हा पळायचे ते ऐका. चाव्यानंतर, किंवा रानात काम केल्यानंतर, तीन आठवडे स्वतःवर लक्ष ठेवा. चावल्याचे आठवत नसले तरी. या दिवसांत पुढचे काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा:

एक, ताप, विशेषतः थंडी आणि जबर डोकेदुखीसह.
दोन, अंगावर कुठेही काळी खपली, किंवा पुरळ.
तीन, चाव्याची जागा दिवसेंदिवस वाढत लाल होणे, पू होणे, जांघेत किंवा काखेत गाठ येणे.

आणि पुढचे काही दिसले तर दवाखाना नव्हे, थेट मोठे हॉस्पिटल:

नाक, हिरड्या, लघवी किंवा शौचातून रक्त. सतत उलट्या. धाप लागणे. लघवी कमी होणे. झोपाळलेपण, भ्रम, झटके. ताप उतरून पुन्हा चढणे.

तोपर्यंत तापाला पॅरासिटामॉल चालते. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, ब्रुफेन किंवा कंबरेत वेदनेचे इंजेक्शन घेऊ नका. रक्तस्राव होणार असेल तर ही औषधे तो वाढवतात.

डॉक्टरपुढे गेल्यावर नुसते ‘ताप आहे’ म्हणू नका. डॉक्टर गर्दीत असतो, तो मलेरिया-डेंग्यू समजेल. सांगा: मी लाईनवर किंवा रानात काम करतो, अमुक तारखेला गोचीड चावली, अमुक दिवशी ताप आला, आमच्या भागात माकडे मेली आहेत किंवा नाहीत. अंग उघडे करून खपली बघायला सांगा. आता गँगमध्ये आपल्या भगिनीही आहेत. त्यांनी लाजेने खपली लपवू नये, तपासायला महिला डॉक्टर किंवा नर्स मागावी. तो तुमचा हक्क आहे.

मेलेले माकड दिसले तर

लाईनवर माकड मेलेले दिसले की आपण म्हणतो, गाडीखाली आले. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण अंगावर जखम नाही आणि माकड रुळाच्या कडेला किंवा झाडाखाली पडले आहे, असे दिसले तर तो इशारा समजा. माकड मरून थंड पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि आसपास पसरतात. त्याला हात लावू नका, काठीने ढकलू नका, जवळ बसू नका. जागेचा किलोमीटर नंबर लिहा आणि मेटमार्फत सेक्शन इंजिनिअर, स्टेशन मास्तर, जवळचे आरोग्य केंद्र आणि वनखात्याला कळवा. ते लोक येऊन त्या जागेभोवती गोचिडनाशक भुकटी मारतात आणि नमुना तपासणीला पाठवतात. डाक सेवक गावागावांत फिरतो, त्याला ही बातमी सगळ्यांच्या आधी लागते. साथ थोपवण्यात कीमन आणि पोस्टमन यांचे डोळे सर्वांत उपयोगी आहेत.

रोजची काळजी

पूर्ण पँट घाला आणि तिची टोके मोज्यात खोचा. शर्ट पँटमध्ये खोचा. आत फिक्या रंगाचे कपडे असले तर गोचीड चटकन दिसते. आरोग्य खात्याकडून मिळणारे अंगाला लावायचे तेल, किंवा बाजारातले डीट असलेले मलम, हातापायांना आणि मोज्यांच्या वर लावा. जेवताना पाल्यावर बसू नका, ताडपत्री अंथरा. ड्युटी संपली की त्याच कपड्यांत खाटेवर पडू नका. कपडे गरम पाण्यात टाका, साबण लावून अंघोळ करा आणि अंग बघा. कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, बेंबीत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत, गुडघ्यामागे. पाठ एकमेकांची बघा. रानातला पालापाचोळा गोठ्यासाठी घरी आणणे हंगामात टाळा.

हा आजार कामाचा आहे, हे सिद्ध करा

आता युनियनचे काम. गोचीडताप आला की साहेब म्हणतो, घरी कुत्रे असेल. आपल्याकडे कागद नसला की तेच खरे ठरते. म्हणून मी तारीख लिहा म्हणालो. गोचीड चावली की त्याच दिवशी मेटच्या डायरीत नाव, किलोमीटर आणि वेळ यांची नोंद करून घ्या. सिक मेमो घेताना ‘ड्युटीवर गोचीड चावल्यानंतर ताप’ असे लिहून मागा. केस पेपरवरही तसे लिहायला डॉक्टरना विनंती करा.

याचा उपयोग काय? सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना कामामुळे झालेल्या आजारासाठी आणि इजेसाठी वेगळी रजा आहे. हॉस्पिटलमध्ये असेपर्यंत पूर्ण पगार मिळतो आणि तुमची साठवलेली रजा कापली जात नाही. पण आजार कामामुळे झाला, हे कागदावर दिसले पाहिजे. तसेच १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्या कामात संसर्गाचा विशेष धोका असतो त्या कामातून जडलेले संसर्गजन्य रोग हे व्यावसायिक रोग धरले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही यादी आहे. हे कलम आपोआप पदरात पडत नाही, धोका होता हे दाखवावे लागते. डायरीतली दोन ओळींची नोंद तिथे वकिलाच्या भाषणापेक्षा जास्त बोलते.

आणि जे आपल्यापेक्षा कमजोर आहेत त्यांना विसरू नका. झाडोरा तोडायला आता कंत्राटी मजूर येतात. त्यांना रेल्वे हॉस्पिटल नाही. पण भरपाईचा कायदा त्यांनाही आहे, आणि कंत्राटदाराने हात वर केले म्हणून मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही. ग्रामीण डाक सेवक रानातून तेवढेच चालतात, पण ही रजा खात्याच्या नियमित कर्मचाऱ्यांची आहे, ती त्यांना लागू नाही. हा अन्याय आहे आणि तो दूर करण्याची मागणी टपाल आणि रेल्वे दोघांनी मिळून केली पाहिजे.

म्हणून या सभेपुढे मी पाच मागण्या ठेवतो. जंगलातल्या प्रत्येक सेक्शनमध्ये हंगामाआधी सेसवरचे गवत कापले जावे. प्रत्येक गँगला चिमटा, जंतुनाशक, अंगाला लावायचे तेल आणि बसायला ताडपत्री मिळावी. गँग हटमध्ये अंघोळीला पाणी असावे. रेल्वेच्या दवाखान्यांत डॉक्सिसायक्लिन सदैव शिल्लक असावे आणि संशयित रोग्याचे रक्त तपासणीला पाठवण्याची सोय असावी. आणि डाक सेवक व कंत्राटी कामगारांनाही हे संरक्षण लागू व्हावे. यातली एकही मागणी महाग नाही. पाचशे माणसांना पुरतील इतके चिमटे एका साहेबाच्या दौऱ्याच्या खर्चात येतील.

मागण्या मंजूर होईपर्यंत थांबू नका. उद्या ड्युटीवर जाताना शाखेने आणलेला एक-एक चिमटा गँगमागे घेऊन जा. संध्याकाळी शेजाऱ्याची पाठ बघा, त्याला आपली बघू द्या. तीन आठवडे एकमेकांच्या तापाची चौकशी ठेवा. संघटना याहून वेगळी काही नसते.

कामगार एकजुटीचा विजय असो!